धक्का किती आणि जाणवतो किती?

राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजेच एनसीसीची, शिबिरे आटोपून मुलेमुली घरी परतली की पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येते. उजव्या खांद्यापाशी काळानिळा डाग, हात वर नेताना उठणारी कळ आणि सोबत आलेल्या आईच्या चेहऱ्यावरची काळजी. ‘रायफलीचा धक्का बसला,’ असे मूल सांगते. ‘मग पुढच्या वर्षी पाठवावे की नाही?’ असे आई विचारते. अलीकडे या प्रश्नाला आणखी एक जोड मिळाली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांपैकी काही जण तेथे क्रॉसबो चालवायला शिकतात आणि सुट्टीत इकडे आले की खांद्याची व पाठीची गाऱ्हाणी सोबत आणतात.

शस्त्र बदलले तरी प्रश्न एकच राहतो. हा धक्का शरीराला अपायकारक आहे काय, आणि तो सोसण्याजोगा कसा करावा? त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपण एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. शस्त्राने दिलेला धक्का ही एक गोष्ट आणि आपल्याला जाणवलेला धक्का ही दुसरी. पहिला पदार्थविज्ञानाच्या नियमाने ठरतो आणि तो फारसा बदलता येत नाही. दुसरा मात्र दस्ता कोठे टेकवला, कान झाकले होते की उघडे, मनाने आधीच धास्ती घेतली होती की नाही, यांवर ठरतो. तो पुष्कळच आपल्या हाती असतो.

धक्का येतो कोठून?

शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथे आठवावा. गोळी किंवा बाण ज्या जोराने पुढे जातो, त्याच जोराने शस्त्र मागे ढकलले जाते. शस्त्र जड असते, म्हणून ते हळू सरकते. गोळी हलकी असते, म्हणून ती वेगाने जाते.

थोडा हिशेब करून पाहू. एनसीसीच्या सरावातील पॉइंट २२ रायफलीची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. रायफल सुमारे ४ किलोची धरली, तर ती सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर एवढ्याच वेगाने मागे येते. टेबलाचा खण अलगद ढकलावा, तसा हा वेग. जुन्या पिढीतील छात्रांनी चालवलेली पॉइंट ३०३ रायफल मात्र सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेगाने खांद्यावर येत असे. वेग दहापट झाला की ऊर्जा शंभरपट होते, हे लक्षात घेतले म्हणजे वडिलांनी सांगितलेल्या खांदा सुजल्याच्या गोष्टी आणि मुलीच्या आजच्या शिबिरातील धक्का यांची तुलना का करू नये, ते कळेल.

आता क्रॉसबो पाहू. बंदुकीसारख्या लाकडी वा धातूच्या दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. दोरी ताणून खाचेत अडकवतात, पुढे आखूड बाण ठेवतात, दस्ता खांद्याला लावतात आणि चाप ओढतात. हे शस्त्र प्राचीन आहे. आपल्याच देशात निकोबार बेटांवरील रहिवासी ते शिकारीसाठी वापरत आले आहेत. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत त्याच्या नेमबाजीची जुनी परंपरा आहे. आधुनिक क्रॉसबोचा बाण साधारण २६ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १०० मीटरांच्या आसपास आणि शस्त्राचे वजन सुमारे ३ किलो असे धरले, तर ते सेकंदाला ऐंशी-नव्वद सेंटिमीटर वेगाने मागे येते. म्हणजे पॉइंट २२ रायफलीच्या साडेतीन ते चार पट! ऊर्जेच्या हिशेबाने तर फरक सुमारे दहापट होतो.

असे असूनही, दोन्ही शस्त्रे प्रथमच हाताळणाऱ्या नवख्याला विचारले, तर रायफलच अधिक ‘लागली’ असे तो बहुधा सांगेल. याचे कारण सरळ आहे. क्रॉसबोत स्फोट नसतो. दोरीचा चटका ऐकू येतो, पात्या थरथरतात आणि संपते. रायफलीत कानाशी स्फोट होतो. म्हणजे ज्याला आपण खांद्यावरचा धक्का म्हणतो, त्याचा मोठा भाग कानाने घेतलेला असतो.

शरीर दचकते कसे?

अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटणे, मान आत ओढली जाणे आणि खांदे वर उचलले जाणे ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे. तान्ह्या बाळातही ती दिसते. आवाजानंतर साधारण ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत पापण्या मिटू लागतात. भित्रेपणाशी तिचा संबंध नाही आणि ‘घाबरू नकोस’ असे सांगून ती थांबत नाही.

परंतु गोळी नळीतून बाहेर पडायला दोन-तीन सहस्रांश सेकंद पुरतात. म्हणजे आवाज ऐकून दचकेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. मग नेम का चुकतो? कारण दोन-चार गोळ्यांनंतर मेंदू शिकतो. चाप ओढला की स्फोट होणार, हे त्याला ठाऊक होते आणि तो आधीच तयारीला लागतो. चाप पुरता ओढला जाण्याच्या क्षणभर आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, मनगट आवळले जाते. नेमबाजीतील खरा शत्रू हे आगाऊ दचकणेच होय. त्यात स्नायू ताठ होतात, दस्ता जागचा हलतो आणि ताठरलेल्या, चुकीच्या जागी असलेल्या खांद्यावर धक्का येऊन आदळतो. दुखते, म्हणून पुढच्या वेळी भीती अधिक. भीती अधिक, म्हणून दुखणेही अधिक. हे चक्र तोडणे हाच धक्क्यावरचा उपाय.

अनुभवी प्रशिक्षक हे दचकणे ओळखण्यासाठी एक युक्ती करतात. शिकणाऱ्याला न सांगता गोळ्यांमध्ये एखादी निकामी, सरावाची गोळी घालतात. स्फोट होत नाही, तरीही नळीचे टोक झपकन खाली जाते. पाहणाऱ्याला आणि शिकणाऱ्यालाही लगेच उमगते. ही परीक्षा केवळ प्रशिक्षकाने, मैदानावरच घ्यावयाची असते. क्रॉसबोच्या बाबतीत मात्र बाणाशिवाय चाप ओढणे सर्वथा वर्ज्य समजावे. बाणाकडे जाणारी सारी ऊर्जा तेव्हा पात्यांत आणि दोरीत शिरते. त्या तुटून चेहऱ्याला वा हाताला इजा होऊ शकते.

दस्त्याची योग्य जागा

आपण आपला उजवा हात समोर उचला आणि डाव्या हाताच्या बोटांनी गळपट्टीच्या हाडाखाली, खांद्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला चाचपून पाहा. तेथे एक मऊ खळगा लागेल. छातीचा मोठा स्नायू आणि खांद्याचा स्नायू यांच्या संगमाची ही जागा. दस्ता येथे टेकला पाहिजे. येथे स्नायूंची जाड गादी आहे, आणि त्यामागे सारे धड आहे.

नवशिके तीन चुका करतात. दस्ता फार वर गेला तर तो गळपट्टीच्या हाडावर आपटतो. फार बाहेर गेला तर खांद्याच्या टोकावर किंवा दंडावर बसतो. काळेनिळे डाग बहुधा दंडाच्या वरच्या भागात दिसतात ते यामुळेच. तिसरी चूक अधिक फसवी आहे. दुखू नये म्हणून मूल दस्ता खांद्यापासून किंचित दूर धरते. त्या बोटभर अंतरात रायफल मोकळेपणाने वेग घेते आणि मग आपटते. दार अंगाशी टेकलेले असताना कोणी ढकलले, तर आपण नुसते मागे सरकतो. तेच दार हातभर अंतरावरून येऊन लागले, तर कपाळमोक्ष होतो. दस्ता अंगाशी नीट बसवला म्हणजे रायफलीच्या चार किलोंमागे शरीराचे वजनही उभे राहते आणि धक्का सौम्य ढकलीत बदलतो.

याचा अर्थ दस्ता जिवाच्या आकांताने खांद्यात रुतवावा असा नाही. अती आवळल्याने स्नायू थरथरतात आणि लवकर थकतात. हस्तांदोलन करताना आपण समोरच्याचा हात जितपत दाबतो, तितपत पकड पुरे. धक्का थोपवावयाचा नसतो. तो अंगातून जाऊ द्यावयाचा असतो. उभे राहून नेम धरताना शरीर किंचित मागे डोलते आणि धक्का वाटला जातो. पालथे पडून नेम धरताना डोलायला वाव नसतो, म्हणून तोच धक्का अधिक जाणवतो. एनसीसीचे छात्र बहुधा पालथे पडूनच नेम धरतात. त्यामुळे त्यांना दस्त्याच्या जागेची काळजी अधिक घ्यावी लागते.

कपड्यांकडेही लक्ष द्यावे. दस्त्याखाली आलेले बटण, खिशातील पेन, बिल्ला, गळ्यातील साखळी किंवा मुलींच्या अंतर्वस्त्राच्या पट्ट्याची धातूची कडी, यांतली कोणतीही वस्तू सारा दाब एका बिंदूवर आणते. माझ्या पाहण्यातल्या कित्येक डागांचा आकार नेमका कडीसारखा होता. शिबिराला जाणाऱ्या मुलीसाठी कडी नसलेले, खेळासाठीचे अंतर्वस्त्र घ्यावे, ही सूचना लहान वाटली तरी तिने बराच त्रास वाचतो.

एका मुलीची गोष्ट

अकरावीतील एक मुलगी अशीच आली होती. दंडावर तळहाताएवढा डाग. सोबतच्या मुलांनी तिला ‘नाजूक’ ठरवले होते आणि घरीही ते मान्य झाल्यासारखे होते. एनसीसी सोडावी, असा विचार चालला होता. दवाखान्यात आजोबांसाठी ठेवलेली काठी तिच्या हाती देऊन ‘कशी धरली होतीस?’ असे विचारले. तिने काठीचे टोक थेट दंडावर टेकवले, मान पुढे ताणली आणि चाप ओढण्याचा आव आणण्यापूर्वीच डोळे मिटले. रायफल तिच्या हातांच्या मानाने लांब होती. ती सामावून घेण्यासाठी दस्ता आपोआप बाहेर सरकला होता. कानांत काहीच घातले नव्हते.

नाजूकपणाचा येथे काही संबंध नव्हता. प्रौढ पुरुषाच्या मापाचे शस्त्र दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलीने धरले, तर असेच होणार. दस्ता कोपराच्या वळणात ठेवून, कोपर काटकोनात वाकवून बोट चापापर्यंत सहज पोहोचते काय, हे पाहिल्यास माप कळते. पोहोचत नसेल, तर अंगाची दिशा किंचित बदलून, मान न ताणता, प्रशिक्षकाच्या मदतीने बैठक बसवावी लागते. तिला दस्त्याची जागा दाखवली, कानांत घालायच्या बोळ्यांबद्दल सांगितले आणि प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलायला सुचवले. पुढच्या शिबिरानंतर ती आली ती सर्दीसाठी. खांद्याचा विषय निघाला नाही.

कान: न दिसणारी इजा

खांद्यावरचा डाग दोन आठवड्यांत निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत नाहीसा होतो. कानाचे तसे नाही. पॉइंट २२ रायफलीचा आवाजही नेमबाजाच्या कानाशी सुमारे १४० डेसिबलपर्यंत पोहोचू शकतो. मोठ्या रायफलींचा त्याहून बराच अधिक असतो. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मुलांच्या कानांबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

कापसाचा बोळा पुरेसा नाही. फोमचे किंवा रबराचे कानबोळे मिळतात. ते फार महाग नसतात. फोमचा बोळा बोटांनी चुरून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा निरुपयोगी असतो. उपलब्ध असल्यास वरून कान झाकणारे आवरणही घालावे. स्वतःची पाळी नसताना शेजारी बसलेल्या मुलांनीही ते घालणे अगत्याचे आहे.

याचा दुसरा लाभ आपल्या मूळ विषयाशी निगडित आहे. आवाज कमी झाला की दचकणे कमी होते. दचकणे कमी झाले की खांदा सैल राहतो. खांदा सैल राहिला की धक्का कमी जाणवतो. म्हणूनच मी पालकांना सांगते की खांद्याच्या दुखण्यावरचे पहिले औषध कानात घालावे.

क्रॉसबो: धक्क्यापलीकडच्या गोष्टी

क्रॉसबो चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोळीपेक्षा बाण सुटायला अधिक वेळ लागतो; दोरीच्या साधारण ३३ सेंटिमीटरांच्या प्रवासाला सहा-सात सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात शस्त्र तीनेक मिलिमीटर मागे सरकलेले असते. म्हणजे धक्का सुरू झाला तेव्हा बाण अजून शस्त्रावरच असतो. म्हणून बाण लक्ष्याला लागेपर्यंत गाल दस्त्यावरून उचलू नये आणि पकड बदलू नये. धक्क्याचे येथे दोन भाग असतात. प्रथम मागे ढकल आणि लगोलग, पात्या थांबतात तेव्हा, पुढच्या बाजूला एक हिसका व थरथर. पुढचा हात ताठ आवळलेला असेल तर ही थरथर मनगटात आणि कोपरात उतरते. पुढच्या हाताने शस्त्र तळहातावर तोलून धरावे. फार हलका बाण वापरू नये. शस्त्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान वजनाहून हलका बाण थरथर वाढवतो आणि शस्त्रालाही घातक ठरतो. दस्त्याला रबरी गादी असल्यास उत्तम.

मात्र डॉक्टर म्हणून मला क्रॉसबोच्या धक्क्यापेक्षा अन्य तीन गोष्टींची अधिक काळजी वाटते.

पहिली गोष्ट अंगठ्याची. पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत, वरच्या पट्टीच्या वर आला, तर सुटलेली दोरी त्याला गंभीर इजा करते. बोटे आणि अंगठा नेहमी पट्टीच्या खालीच असले पाहिजेत. ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरी गोष्ट पाठीची. शिकारीच्या क्रॉसबोची दोरी ताणायला ७० ते ९० किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. दोन खुंट्या असलेली ताणदोरी वापरली तर तो निम्म्यावर येतो. हाताने फिरवायच्या चरकाने त्याहून कितीतरी कमी. पंचावन्नच्या पुढचे, दिवसभर संगणकापुढे बसणारे एक गृहस्थ परदेशातून आले होते. ते खांद्याच्या धक्क्याची तक्रार घेऊन आले. तपासले तेव्हा कळ कमरेतून येत होती. कंबर वाकवून, एका अंगाने, नुसत्या हातांनी ते दोरी ओढत असत. पाय रिकिबीत घट्ट रोवावा, गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी आणि दोन्ही हातांनी सारखे ओढावे. हर्निया, मणक्याचा विकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी चरकच वापरावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. दुर्बीण लावलेल्या कोणत्याही शस्त्रात भुवई दुर्बिणीपासून सात ते दहा सेंटिमीटर दूर हवी. नीट दिसावे म्हणून मान पुढे नेणाऱ्याच्या भुवईवर दुर्बिणीची कड बसते आणि टाके घालावे लागतात. चश्मा असल्यास अपाय अधिक. सुरक्षेचा चश्मा तर प्रत्येकानेच घालावा.

शरीराची पूर्वतयारी

शिबिराच्या किंवा प्रशिक्षणाच्या सहा आठवडे आधीपासून, आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे पुरेशी आहेत. भिंतीला हात टेकून दंड काढणे. दोन्ही खांद्यांची पाती पाठीमागे जवळ आणून पाच अंक मोजेपर्यंत धरणे. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरे मागे ओढणे. कोपर व चवड्यांवर शरीर फळीसारखे सरळ धरणे. आणि एक लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन हात खांद्याच्या उंचीवर स्थिर ठेवणे. प्रत्येक व्यायाम दहा-बारा वेळा, दुखणार नाही इतपतच. स्नायू फुगवणे हा हेतू नाही. खांदा स्थिर राहावा आणि लवकर थकू नये, एवढेच साधावयाचे आहे.

श्वासाचा सराव घरीही करता येतो. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्यापूर्वी एक नैसर्गिक विसावा येतो. चाप त्या विसाव्यात ओढावा. तो पाच ते आठ सेकंदांहून अधिक लांबवू नये. त्यापुढे हात थरथरू लागतात आणि दृष्टी अंधुक होते. तसे झाल्यास शस्त्र खाली घ्यावे, पुन्हा श्वास घ्यावा. चाप झटक्याने न ओढता हळूहळू दाब वाढवत न्यावा. नेमका क्षण ठाऊक नसला की आगाऊ दचकणेही घडत नाही.

क्रमही महत्त्वाचा. १० मीटर एअर रायफलीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि तिचा धक्का जवळजवळ शून्य. पहिल्या सवयी तेथे लागाव्यात, मग पॉइंट २२, आणि त्यानंतरच मोठे शस्त्र. क्रॉसबोतही कमी ताणाच्या शस्त्राने आरंभ करावा. एका बैठकीत किती गोळ्या वा बाण सोडावेत, याचा सर्वांना लागू असा आकडा नाही. खांदा दुखू लागला किंवा डोळे मिटू लागले की त्या दिवसाचा सराव संपला, असे समजावे. रात्रीची झोप, सकाळची पोटभर न्याहारी आणि दोनऐवजी एकच कप चहा, यांनी हाताची थरथर पुष्कळ कमी होते. गोळीबारानंतर खाण्यापूर्वी हात व तोंड साबणाने धुणे विसरू नये, कारण दारूच्या धुरात आणि गोळ्यांवर शिसे असते.

दुखलेच तर

पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. आपल्याकडे लगेच गरम तेलाने चोळण्याची पद्धत आहे. पहिल्या ४८ तासांत ती टाळावी, कारण चोळल्याने आतला रक्तस्राव वाढतो. हात गळ्यात अडकवून पूर्ण विश्रांती देण्याची गरज नसते; हलक्या हालचाली चालू ठेवाव्यात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डाग पुरता मावळेपर्यंत पुन्हा नेमबाजी नको.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न करता तपासून घ्यावे:

– हात खांद्याच्या वर उचलता न येणे
– गळपट्टीच्या हाडावर बोट ठेवताच तीव्र कळ येणे किंवा तेथे उंचवटा दिसणे
– हाताला मुंग्या वा बधिरपणा एक दिवसाहून अधिक टिकणे
– कानात सतत गुणगुण, कान भरल्यासारखा वाटणे किंवा कमी ऐकू येणे. दुसऱ्या दिवशीही हे राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे
– डोळ्यांपुढे चमक, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे वाटणे

छातीत पेसमेकर असलेल्यांनी त्या बाजूला दस्ता लावू नये आणि आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेले, खांदा आखडलेले मधुमेही आणि गर्भवती स्त्रिया यांनीही सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पालकांशी दोन शब्द

महाराष्ट्राला नेमबाजीची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत यांची वाटचाल एनसीसीतूनच सुरू झाली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या ५० मीटर प्रकारात वापरतात ती पॉइंट २२ चीच रायफल. तिच्या धक्क्याला घाबरून मैदान सोडावे, असे त्यात काही नाही.

प्रत्येक मूल पदक जिंकणार नाही आणि जिंकलेच पाहिजे असेही नाही. परंतु मूल खांदा धरून घरी आले, तर दोन टोकांची वाक्ये आपण टाळली पाहिजेत. ‘एवढ्याने काय होते, सहन कर’ असे म्हटले की मूल पुढच्या वेळी कानातली गुणगुण लपवते. ‘तुला झेपणार नाही’ असे म्हटले की ते एका दुरुस्त होण्याजोग्या कारणासाठी आवडती गोष्ट सोडते. मुलींच्या वाट्याला दुसरे वाक्य अधिक येते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आहे.

त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. दस्ता कोठे टेकवला होतास? कानात काय घातले होते? चाप ओढताना डोळे उघडे होते का? रायफल हाताला लांब पडत होती का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पुढचे काय करायचे ते बहुतेक वेळा घरातल्या घरातच कळते. उरलेल्यासाठी प्रशिक्षक आहेत, आणि आम्ही डॉक्टर आहोतच.